पिस्तुलाआधी नकाशा काढा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

स्नेहसंमेलनांचे दिवस जवळ आले की शहरातल्या महाविद्यालयांत लघुपटांची लगबग सुरू होते. त्यांत मारधाडीचे थरारपट बरेच असतात आणि सुरुवात बहुतेकदा ठरलेली: खेळण्यातले पिस्तूल, एक पळणारा, तिघे मागे लागलेले आणि सतत हलणारा कॅमेरा. मुलांची मेहनत दिसते. पण कोण कुठून आला, पाठलाग करणारे किती जवळ पोचले, पळणाऱ्याला नेमके काय वाचवायचे आहे, हे कळत नाही. म्हणून जीव टांगणीला लागत नाही. पहिला प्रसंग ठरवताना पिस्तुलाआधी जागेचा नकाशा काढावा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

वहीच्या एका पानावर वरून दिसेल तशी जागा काढायची. दार, खिडकी, जिना, बोळ. पात्रांच्या वाटा बाणांनी दाखवायच्या आणि कॅमेऱ्याच्या जागांना क्रमांक द्यायचे. मग पळणारा आणि मागचे यांच्यामधून एक रेष ओढायची व कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. ती ओलांडली, की डावीकडून उजवीकडे पळणारा मुलगा पुढच्या शॉटमध्ये उलट येताना दिसतो आणि प्रेक्षकाला वाटते, हा परत का फिरला? बाजू बदलायचीच असेल, तर मधे त्याला थेट कॅमेऱ्याकडे पळत येताना घ्यावे. प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर चार-पाच सेकंद रिकामी चौकट राहू द्यावी. संकलनाला बसल्यावर तीच उपयोगी पडते.

सोलापूरच्या मुलांना जागेसाठी लांब जायला नको. यंत्रमागाच्या कारखान्याइतकी चांगली सुरुवात कुठे मिळणार? चार माग चालू आहेत. आवाजात बोलणे ऐकू येत नाही, त्यामुळे संवाद लागतच नाहीत. एक मुलगा चादरींच्या घड्या घालतो आहे. एका घडीत त्याच्या बोटांना काहीतरी कडक लागते: पेनड्राइव्ह. तेवढ्यात मागच्या बाजूचा एक माग थांबतो. मग दुसरा. मुलगा मान वर करत नाही, फक्त घडी पुन्हा घालतो. तिसरा थांबतो. माग कोण बंद करतो आहे, हे दाखवायचे नाही. दोन मिनिटांत धोका कळला, मुलाचा स्वभाव कळला, आणि पळापळ अजून सुरूही झालेली नाही.

मात्र चालू मागाजवळ नटाला उभे करू नये. धोटा उडतो, पट्ट्यात सैल कपडा किंवा ओढणी अडकते. चालू मागाचे शॉट मालकाच्या परवानगीने, तिथल्या कामगाराला विचारून, लांबून घ्यावेत. नटाचे शॉट सुट्टीच्या दिवशी बंद मागांपाशी. खडखडाट वेगळा ध्वनिमुद्रित करावा, एकदा आतून आणि एकदा दाराबाहेरून. मोबाइल मागाजवळ नेला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. शांततेसाठी बंद कारखान्याचा तीस सेकंदांचा आवाजही हवा. नुसता आवाज काढून टाकला तर ती तांत्रिक चूक वाटते.

मोबाइल बहुधा सेकंदाला तीस फ्रेमवर असतो. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली पडद्यावर काळे पट्टे सरकतात. 25 फ्रेम आणि शटरचा वेग 1/50 सेकंद ठेवला की ते जातात. उजेड आणि रंग लॉक करावेत, नाहीतर नट दारापाशी आला की चित्र आपोआप काळवंडते. बाहेरच्या उन्हात याच शटरवर चित्र पांढरे पडते, कारण बहुतेक मोबाइलच्या भिंगाचे छिद्र लहान करता येत नाही; तिथे एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावावा किंवा सावलीतला बोळ निवडावा.

वेळेचा हिशेब आधी करावा. नवख्या चमूला एका शॉटला वीस मिनिटे धरली, तर पंचवीस शॉटना आठ तासांहून जास्त लागतात. आपल्याकडे बाहेरचे चांगले ऊन सकाळी जेमतेम तीन तास. पुढे डोळ्यांखाली सावल्या पडतात. म्हणून बाहेरचे आठ-नऊच शॉट ठेवावेत. एका दिशेचे सगळे शॉट एकदम उरकावेत, कथेच्या क्रमाने नव्हे.

हाणामारी आधी निम्म्या वेगाने बसवावी. चित्रीकरणातही पूर्ण जोर लावू नये. बुक्की चेहऱ्यापासून फूटभर लांबून जावी. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे असला की ते अंतर दिसत नाही. बाजूने घेतला की लगेच उघडे पडते. फटका पटतो तो मार खाणाऱ्याच्या मानेच्या झटक्यामुळे. आवाजासाठी जाड चादरीच्या घडीवर बुक्की मारावी, चपराकीला ओला टॉवेल फरशीवर आपटावा. गच्चीवरून उडी कुणीही मारू नये. दोन फुटी कट्टा आणि जमिनीलगतचा कॅमेरा पुरतो.

पिस्तुलाबद्दल कळकळीने सांगतो. नवी पेठेच्या बाजारात किंवा गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत ते बाहेर काढू नका. बघणाऱ्याला ते खोटे आहे हे कळत नाही. चेंगराचेंगरी व्हायला एक आरोळी पुरते. बंदिस्त जागेतही ते पिशवीत राहावे, एकाच मुलाच्या ताब्यात, आणि शॉट तयार झाल्यावरच निघावे. भुईकोट किल्ल्यासाठी पुरातत्त्व खात्याची आणि स्थानकासाठी रेल्वेची परवानगी लागते. अर्ज वेळेत करावेत.

महाविद्यालयांना विनंती, की कॅमेरा देण्याआधी नकाशा, शॉटची यादी आणि पोलीस ठाण्याला दिलेल्या पत्राची पोच हे तीन कागद मागावेत. त्या पत्रात तारीख, वेळ, जागा, माणसांची संख्या, नकली शस्त्रांचा तपशील आणि जबाबदार प्राध्यापकांचा फोन क्रमांक असावा. चित्रीकरणाच्या दिवशी पोचेची एक प्रत दिग्दर्शकाच्या खिशात आणि दुसरी बोळाच्या तोंडाशी उभ्या केलेल्या मुलाकडे असावी.

आपले नम्र,
चित्रीकरण व संकलन शिकवणारे काही जण, सोलापूर