काळी दोन पाठव

देवगड,
नारळी पौर्णिमेचा आदला दिवस

प्रिय पेटीमास्तर,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच "बरं बरं, करतो काहीतरी" म्हणून मोकळा झाला असतास, म्हणून लिहायला बसलोय. तब्येत बरी. शुगर आटोक्यात आहे, आईचे गुडघे पावसात दुखतात, बाकी नवीन काही नाही.

काकींनी टेपवरचा बुवांचा, त्यांच्याच नवऱ्याचा, आवाज ओळखला नाही.

1994 च्या देवळातल्या भजनी सप्त्याची ती कॅसेट सापडली. तीच, जिच्यावर तू निळ्या शाईने "पहाटेची पाळी" लिहून ठेवलं होतंस. काकींच्या माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती. आपल्या हवेत एवढी वर्षं राहिली म्हणजे फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरणारच. पाचही स्क्रू काढून उघडली तर हेडसमोर फीत दाबून धरणारा नमद्याचा इवलासा तुकडा गोंद सुटून तळाला पडलेला. तसंच लावलं असतं तर आवाज गोधडीतून आल्यासारखा आला असता. रीळं उचलून दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात घातली. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, तर कापसाचा बोळा तपकिरी झाला.

मग कॉम्प्युटरचा तमाशा. लॅपटॉपला भोक एकच, आणि ते माईकचं. टेपचा आवाज त्यात घातला की झांजेच्या प्रत्येक ठोक्याला वरचं टोक कापलं जायचं, आणि तेही मोनो. शेवटी भाच्याकडून लाइन-इन असलेलं यूएसबी इंटरफेस आणलं. तरीही झांज वाजून विरायच्या आतच गडप! माझा जीव खाली-वर. कारण निघालं विंडोजमध्ये. त्यात "ऑडिओ एन्हान्समेंट्स" नावाचं एक खातं आपोआप चालू असतं. ते माणसाचं बोलणं ठेवतं आणि बाकीचं सगळं गोंगाट म्हणून दाबतं. त्याला झांज म्हणजे गोंगाट! ते बंद केलं आणि पहिल्यांदा देऊळ ऐकू आलं. सभामंडपातला तो घुमणारा आवाज आठवतो ना तुला? तो टेपवर आहे. बुवांच्या दोन ओळींच्या मधे मागे कोणीतरी खोकतं तेही आहे. आणि "अरे माईक सरकव!" असा तू ओरडतोस तेही लख्ख आहे. ते मी कापणार नाही. तू कितीही म्हण, कापणार नाही.

आपलं जुनं भांडण तेच आहे, आणि मी अजून माझ्याच जागी उभा आहे. तुला सगळं स्वच्छ हवं असतं. तुझ्या समाधानासाठी एका प्रतीवर ऑडॅसिटी या आवाज सुधारायच्या सॉफ्टवेअरचं नॉइज रिडक्शन लावून बघितलं: रिकाम्या जागेचा नमुना दिला आणि 12 डेसिबलच्या वर नेलं. खरखर गेली, पण त्याबरोबर बुवांचा श्वासही गेला, आणि झांज पाण्याखाली वाजवल्यासारखी झाली. अभंगात चरण उचलण्याआधी बुवा जो श्वास घेत त्यावरच मी पखवाजाची थाप धरायचो. तो श्वास काढून मागे काय ठेवायचं?

तर हे सगळं करून, खरखरीसकट, काकींना ऐकवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. गौळण संपली. म्हणाल्या, "ह्यो आवाज ह्यांचो न्हय रे झिला."

घरात सगळे म्हणाले, वय झालं, विसरतात. मला ते पटेना. जेवणात मीठ चिमूटभर कमी असलं तर ओळखणारी ती बाई, चाळीस वर्षं ज्या आवाजाने पहाटे उठली तो विसरेल? रात्री पुन्हा हेडफोन लावून बसलो. आवाज बुवांचाच होता, पण जरासा तरुण, जरासा घाईत. छातीतून यायचा तो गळ्यातून येत होता. तुला सांगायला नको, बुवा पेटीच्या काळी दोन पट्टीच्या वर कधी चढले नाहीत. टेपवर ते काळी दोन आणि तिच्या लगेच वरची पांढरी तीन यांच्या मधे आहेत, पांढरी तीनकडेच जास्त. टेप भरभर पळतोय. दुरुस्तीवाल्याने सैल झालेला रबरी पट्टा बदलला तेव्हापासून असावं, पण आता त्याला बोलून काय उपयोग.

पण किती भरभर? इथून पुढचं तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही, म्हणून नीट वाच.

रेकॉर्डिंगमध्ये घूं असा आवाज होता. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर ठेवला तर बराचसा गेला. म्हणजे तो आमच्या घरच्या अर्थिंगचा. जांभ्यात अर्थिंग कसं लागतं ते तुला माहीत आहे. पण थोडा घूं उरला. ऑडॅसिटीत प्लॉट स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातले सूर वेगवेगळे दाखवणारा आलेख, लावून, साइज 65536 वर नेऊन बघितलं. चार्जर असताना दोन शेजारी-शेजारी शेंडे, एक 50 हर्ट्झवर, एक 52 वर. चार्जर काढला की 50 चा गेला, 52 चा तिथेच. वर 104 आणि 156 वरही त्याची दुप्पट-तिप्पट पिल्लं. लक्षात आलं का? तो 52 चा घूं त्या रात्रीच्या देवळातल्या अँप्लिफायरचा आहे! तो फितीवरच आहे. वीज 50 ची, टेपवर ती 52 ची झाली, म्हणजे टेप चार टक्के जास्त पळतोय. मला खुर्चीत बसवेना.

चार टक्के खाली आणलं, चेंज स्पीड अँड पिचने. नुसतं चेंज पिच चालत नाही, त्याने सूर उतरतो पण लय तशीच पळत राहते. बुवा बरोब्बर काळी दोनवर आले. आणि तिथेच माझी शंका सुरू झाली. 1994 साली वीज 50 वर स्थिर कुठे होती? मागणी वाढली की 49 च्याही खाली घसरायची. त्या पहाटे 49 असेल तर टेप सहा टक्के जास्त पळतोय, आणि बुवा काळी दोनच्याही थोडे खाली. आणि आपली पेटी मुळातच सुरात उतरलेली होती! म्हणजे दोन्ही उत्तरं खरी असू शकतात. अंदाजाने ठरवून काकींना दुसऱ्यांदा ऐकवायचं नाही मला.

वीज हलते, पट्टा हलतो, पेटीतली पितळेची पट्टी तेवढी हलत नाही. गौळणीत तिसऱ्या चरणाला तुझी काळी पाच भसाभसा वाजते, ऐकताक्षणी ओळखली. म्हणून विचारतो: डोंबिवलीला नेल्यावर पेटीचे सूर लावून घेतलेस का? ती गावाबाहेर नेण्यावरून आपण दोघं वर्षभर बोललो नव्हतो. ते पुन्हा उकरत नाही, फक्त एवढं सांग. लावून घेतले नसतील तर कुणालाही हात लावू देऊ नकोस. काळी दोन आणि ती भसाडी काळी पाच, दोन्ही मध्य सप्तकातल्या, प्रत्येकी दहा सेकंद धरून फोनवर रेकॉर्ड कर. टेपवरच्या त्याच सुरांशी ताडून वेग काढतो. भाता सावकाश मार, दाबून मारलास तर सूर हलतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलंस तरी चालेल. त्याने आवाज पातळ होतो, सूर नाही हलत.

आणि एक. तू मागे पेनड्राइव्हवर दिलेली त्याच सप्त्याची दुसरी बाजू उघडत नाही. नुसती एयूपी फाइल आहे. जुन्या ऑडॅसिटीत खरा आवाज शेजारच्या, नावाच्या शेवटी "_data" असलेल्या फोल्डरमध्ये असतो. जुना कॉम्प्युटर भंगारात दिला नसशील तर तो फोल्डर शोध.

छकुलीचं ॲडमिशन झालं ऐकून फार बरं वाटलं. वहिनींची बदली टळली का? गणपतीला किती दिवस येताय ते कळव, रेल्वेचं तिकीट मिळालं नसेल तर तसंही सांग.

मंगळवारी दुरुस्तीसाठी दिवसभर विजेची लाइन बंद असते, त्याच्या आधी पाठव.

तुझा,
पखवाजवाला