मूल एकटं शाळेत जाऊ शकतं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेश बरा की आपला देश बरा, यावर वाचकांची पत्रं येत आहेत. बहुतेकांत पगार, कर आणि युरो-रुपयाचा हिशेब आहे. माझी लेक नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला असते, तिच्याकडे मी राहून आले आहे. जीवनमान जोखायला मला एकच प्रश्न पुरेसा वाटतो: दहा वर्षांचं मूल मोठ्या माणसाशिवाय शाळेत जाऊन सुखरूप घरी येतं का?

माझी नात सायकलवरून एकटी जाते. तिकडे शाळेतच मुलांची वाहतुकीची परीक्षा होते, लेखी आणि प्रत्यक्ष रस्त्यावरचीही. इकडे कोल्हापूरच्या कसबा बावड्यात सकाळी बघावं तर रिक्षात कोंबलेली मुलं, बाहेर लोंबणारी दप्तरं आणि गळीत हंगामात शेजारून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. रिक्षाचा भरवसा वाटत नाही ती आई मोपेडवरून शाळा, क्लास, परत घर अशा फेऱ्या मारते. तिचे हे तास कुणाच्याच हिशेबात नाहीत. नववी-दहावीत तीच गाडी पोराच्या हाती जाते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. पण पालकांना दुसरी सोयच नसेल तर नुसता धाक किती पुरणार?

‘तिकडची माणसंच शिस्तीची’ हे मला मुळीच पटत नाही. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यांवर मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. मोटारींसाठी रस्ते वाढत होते, सायकली हटत होत्या. फिक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहानगी मुलगी अपघातात गेली. १९७२ मध्ये त्याने आपल्या दैनिकात ‘बालहत्या थांबवा’ असा लेख लिहिला आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप पोरांना घेऊन रस्त्यावर बसले. पुढच्या वर्षी तेलटंचाई आली आणि सरकारलाही मोटारींचा फेरविचार करावा लागला. वस्त्यांतले रस्ते मुद्दाम गाड्या मंदावतील असे बांधले गेले, सायकलींना वेगळी वाट मिळाली. २०२३ मध्ये तिथे अपघातांत ६८४ जण गेले. आपल्या देशात त्याच वर्षी १ लाख ७२ हजारांवर, म्हणजे लोकसंख्येच्या मानानेही तिप्पट.

तिकडे सगळं गोड नाही. घर मिळणं महाकठीण, तज्ज्ञ डॉक्टरसाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. कोल्हापुरात तो संध्याकाळपर्यंत भेटतो. तरी युनिसेफने श्रीमंत देशांतल्या मुलांच्या सुखाची पाहणी केली तेव्हा २०१३ आणि २०२० या दोन्ही वेळी डच मुलं पहिली आली. त्यात या मोकळ्या फिरण्याचा वाटा असणारच, असं मला नातीकडे बघून वाटतं.

आपलं शहर २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांचं होतं. नेदरलँड्समधलं द हेग शहर साधारण तेवढंच आहे. आपल्याकडेही अनेक शाळा घरापासून सायकलच्या टप्प्यात आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यांच्या कोल्हापुरात शाळेत सुखरूप जाण्याची सोय मात्र ज्याची त्याने बघावी, हे मला शिक्षिका म्हणून सहन होत नाही.

महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी निदान काही शाळांपासून सुरुवात करावी. शाळा भरताना आणि सुटताना समोरची गल्ली मोटारींना बंद ठेवावी, त्या वेळेत ऊस वाहतूक शाळांच्या रस्त्यांऐवजी दुसरीकडून वळवावी, फुटपाथ चालण्यापुरते तरी मोकळे करावेत. आपल्या दैनिकानेही शहरात शाळकरी मुलांचे अपघात कुठे आणि किती झाले, हे दर महिन्याला छापावं. शाळाशाळांत जाऊन पालकांकडून धोक्याच्या जागांची माहिती गोळा करायला मी आणि माझ्या काही निवृत्त सहकारी तयार आहोत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
कसबा बावडा, कोल्हापूर