हप्ता कोण भरत होतं? उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

मी ठाण्याच्या नौपाड्यात, म्हणजे जुन्या उच्चवर्णीय, मध्यमवर्गीय वस्तीत राहते. ऐरोलीतली आयटीची नोकरी सोडून वागळे इस्टेटमधल्या भाड्याच्या गाळ्यात लाकडी खेळणी बनवते. धंदा बरा चालतो, पण लोकांना खेळण्यांपेक्षा नोकरी सोडल्याचंच कौतुक जास्त. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईतली कॉलेजं मला ‘वेगळी वाट’ वगैरे नावांच्या कार्यक्रमांना बोलावतात. शाल, नारळ आणि मागच्या फ्लेक्सवर बिल गेट्स. तो असतोच.

अशाच एका कार्यक्रमात माझं बोलून झाल्यावर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा उठला. राहणारा कोपरखैरण्याचा, वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, म्हणजे हमाल. म्हणाला, “मॅडम, तुम्ही नोकरी सोडलीत तेव्हा घराचा हप्ता कोण भरत होतं?” सरांनी त्याला खाली बसायची खूण केली. मला मात्र त्या दिवशी विचारला गेलेला तोच एक कामाचा प्रश्न वाटला.

मी त्याला सांगितलं ते आपल्यालाही सांगते. हप्ता नव्हताच. घर वडिलांचं, त्यांनी बँकेच्या नोकरीत असताना स्टाफच्या सवलतीच्या व्याजदराने घेतलेलं. आजोबा शाळामास्तर. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे (स्थापना १८९३) सभासद. म्हणजे घरात पुस्तकं येऊ लागली त्याला तीन पिढ्या झाल्या. आजारपणाचा खर्च नवऱ्याच्या ऑफिसच्या विम्यात. पहिली गिऱ्हाइकं आईच्या मैत्रिणी, नंतर त्यांची परदेशातली मुलं. गाळ्याच्या मालकाने तर माझं आडनाव ऐकूनच डिपॉझिट कमी केलं. सुरुवातीचं जवळजवळ वर्षभर माझ्या खात्यात काही आलं नाही, तरी घरात दूधवाल्याचं बिल एकदाही थांबलं नाही. याला लोक धाडस म्हणतात. मी त्याला जात आणि जमाखर्च म्हणते.

आता तो फ्लेक्सवरचा बिल गेट्स. त्याने हार्वर्ड सोडलं ही गोष्ट आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही पाठ. पण त्याच्या शाळेत १९६८ साली कॉम्प्युटरचं टर्मिनल होतं, तेही विद्यार्थ्यांच्या आयांच्या मंडळाने पैसे जमवून आणलेलं, हे कुणी सांगत नाही. वडील सिएटलमधले नावाजलेले वकील. आणि सुरुवातीला त्याने रीतसर रजा टाकली होती, परत जायची सोय ठेवून. त्याच देशात दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी आणि घरासाठी मदत देणारा १९४४ चा कायदा कागदावर सगळ्यांसाठी होता. प्रत्यक्षात काळ्या सैनिकांना बँकांनी कर्जं नाकारली, अनेक विद्यापीठांनी दारं लावली. त्याचे परिणाम अजून मोजता येतात. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (निम्मी कुटुंबं जिच्या वर, निम्मी खाली) २ लाख ८५ हजार डॉलर, काळ्या कुटुंबाची ४५ हजारांच्या आत. कॉलेज सोडून बघण्याची मुभा कुणाला असेल, ते या दोन आकड्यांतच आलं. आपल्याकडे असा हिशेब जातवार मांडला तर काय दिसेल, हे आपल्याला मी सांगायला नको.

सरकारच्या हातात काय असतं, असं आपण म्हणाल. तर त्या मुलाच्या घराकडेच बघा. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाच्या पाठीशी मंडळ आलं, मालकांकडून लेव्ही (मजुरीच्या वर मंडळाकडे भरायची रक्कम) आली, भविष्य निर्वाह निधी आला. त्याआधी पाठीवरचं पोतं उतरलं की हमालाचा आणि मालकाचा संबंध संपत असे. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील यांनी लढून ते बदललं. पोतं वाहणाऱ्याचा मुलगा इंजिनिअरिंगला पोचला त्यात त्याच्या हुशारीइतकाच त्या कायद्याचा वाटा आहे. सुरक्षितता वारशानेच मिळते असं नाही, कायद्यानेही मिळते. आपल्याच राज्यात मिळाली आहे.

आणि हा हिशेब नेहमी सरळ लागतो असंही नाही. माझ्या गाळ्यात घणसोलीचा एक आगरी मुलगा आहे, आयटीआय झालेला. आजोबांची शेतं सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने घेतली. त्या संपादनाविरुद्ध १९८४ साली जासईच्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले, तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत हाती आले. आज घरच्या चाळीतल्या चार खोल्यांचं भाडं येतं, म्हणून त्याने कंपनीतली हेल्परची कंत्राटी नोकरी सोडून हातकाम धरलं. तुर्भे स्टोअर या वस्तीतला त्याचा मित्र हाताने त्याच्याहून सरस आहे. तो अजून त्याच कंपनीत आहे. भाडं येणं आणि भाडं भरणं एवढाच दोघांत फरक.

परत त्या कोपरखैरण्याच्या मुलाकडे येते, कारण पत्र त्याच्यासाठी आहे. त्याला नाटकाच्या साउंडचं काम शिकायचं आहे. एक ध्वनिसंयोजक त्याला दौऱ्यावर न्यायला तयार आहेत. काम अंगात मुरायला दोनेक वर्षं लागतील. जमलं तर जमलं, नाही तर परत येऊन डिग्री पुरी करायची, असा त्याचा साधा बेत. नवं शैक्षणिक धोरण त्याच्या बाजूने आहे असंही वाटतं: मध्येच बाहेर पडा, पुन्हा या, मिळवलेले क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, सात वर्षांपर्यंत ग्राह्य. पण त्याची निम्मी फी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून भरली जाते आणि त्या योजनेची अट आहे की अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड नसावा. म्हणजे क्रेडिट सात वर्षं जिवंत, शिष्यवृत्ती दोन वर्षांत गेली. पैसेवाल्याचा मुलगा त्याच धोरणाखाली तीन वर्षं भटकून येईल, पूर्ण फी भरेल आणि पुढे आमच्यासारख्यांबरोबर व्यासपीठावर बसेल.

अनुसूचित जातींच्या मुलांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत तर एक व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा करून दुसरा धरला की मदत बंद होत आली आहे. बी.एड. करून वकिली शिकावीशी वाटली तर स्वतःच्या हिमतीवर. ज्या समाजात डॉ. आंबेडकर अर्थशास्त्राकडून कायद्याकडे वळले, त्याच समाजाच्या मुलाला हा नियम सांगतो की तू एकदाच निवड, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी निवड. नौपाड्यात असा नियम कुणी लावला असता तर मोर्चा निघाला असता.

मुलींची फी माफ करण्याचा २०२४ चा निर्णय चांगला आहे, तो राबवणाऱ्यांचे आभार. पण कोणाला किती द्यायचं एवढ्याशी हा विषय संपत नाही. गरिबाच्या मुलाने नाकासमोर चालावं, मागे वळू नये, चुकू नये, ही अपेक्षा आपल्या नियमांत मुरलेली आहे.

म्हणून मागणी दोन गोष्टींची. खंडाची अट क्रेडिटच्या मुदतीइतकी, म्हणजे सात वर्षांची करा. ते आपल्याच खात्याच्या शासन निर्णयाने होऊ शकतं. आणि दुसऱ्या अभ्यासक्रमाच्या अटीबद्दल सामाजिक न्याय विभागाला, त्यांच्यामार्फत केंद्राला लिहा. निदान एकदा तरी मार्ग बदलण्याची मुभा मिळू द्या. जो पैसा लागेल तो पुन्हा प्रवेश घेणाऱ्यांपुरताच लागेल.

त्या मुलाला मी तूर्त एकच वर्ष जा असं सांगितलं आहे, म्हणजे अट मोडणार नाही. त्याला दोन वर्षं जा म्हणून कधी सांगू, ते आपण कळवावं.

कळावे,
आपली,
नौपाड्यातील एक खेळणीवाली