मुंबईत बांधलेलं जहाज

हार्टलपूल, इंग्लंड, १६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आई, स्वेटर रोज घालतो आणि खोकला केव्हाच गेला; आवाज घोगरा येतो तो फोनमुळे. उपाशीही राहत नाही. इथे कुणी ‘टी’ला बोलावलं की पोटभर जेवायचं असतं. टी म्हणजे चहा नव्हे. या भागात संध्याकाळच्या जेवणालाच टी म्हणतात आणि दुपारच्या जेवणाला डिनर. शेजारच्या आजींनी बोलावलं तेव्हा मी घरून जेवून गेलो होतो. त्यांनी एवढं रांधलेलं पाहून पुन्हा जेवलो.

बाबा, इथल्या गोदीत ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आहे. वाडियांनी १८१७ साली आपल्या मुंबईत बांधलेलं, मलबारी सागवानाचं. अजून तरंगतंय. फळीवरून हात फिरवला आणि तुमचा मचवा आठवला.

अशा जहाजांच्या बहुतेक तोफा डाव्या-उजव्या अंगाला. मग पुढे पळणाऱ्या शत्रूला मारायचं कसं? सरबत्तीसाठी, म्हणजे एका अंगाच्या सगळ्या तोफा एकदम डागायला, जहाज आडवं वळवलं तर तेवढ्यात तो लांब निसटणार. म्हणून नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, लांब नळीच्या दोन तोफा, या जातीच्या जहाजांवर ९ पौंडी, म्हणजे चार किलोचा गोळा. नेम शिडावर, डोलकाठीवर. काठी मोडली की जहाज रखडलंच. आपल्यावर पळायची पाळी आली तर पिछाडीच्या खिडक्यांतून मागे मारा करायचा.

आंग्र्यांच्या गुराब जातीच्या लढाऊ जहाजांचंही तेच, बाबा. पुढच्या भिंतीला भोकं पाडून दोन तोफा थेट समोर रोखलेल्या, ९ ते १२ पौंडी. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढत न्यायची आणि शत्रूला पिछाडीनेच गाठायचं, कारण तिथे त्याच्या तोफा कमी. विजयदुर्गाच्या तटावर तुम्ही हे हातवारे करून सांगायचात, मी ऐकायचो नाही. आता ऐकायला हवं होतं असं वाटतं.

६० हजार पाठवलेत. ४० सोसायटीच्या हप्त्याला, बाकीचे सुमीच्या साखरपुड्याला. मला काही कमी पडत नाही, ओव्हरटाइम मी आपणहून घेतो. रजा दोनदा मागितली, मिळाली नाही. सुमीला मीच सांगेन, तुम्ही सांगू नका. माझ्यासाठी आलेल्या मालवणच्या स्थळाला एवढ्यात होकार देऊ नका, एप्रिलात येतो तेव्हा बघू. नक्की येतो.

आई, साखरपुड्याच्या दिवशी फोन चालू ठेव.

तुमचा,
बाळू