जाळं माझ्या माळ्यावर आहे

महोदय,

नागपूरच्या रविनगर भागात मी २२ वर्षांपासून मेस चालवते. गोंदिया, गडचिरोली, ब्रह्मपुरीकडून विद्यापीठात शिकायला आलेले तीसेक पोट्टे माझ्याकडे जेवतात. त्यांची तब्येत मला पोळ्यांच्या डब्यावरून कळते.

चार वर्षांपूर्वी जवळच्या एका कॉलेजच्या मैदानावर यातली दहा-बारा पोरं रोज संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळायची. आठ वाजता धुळीनं माखून यायची आणि एकेकाला सहा पोळ्या पुरत नसत. मग फाटकाला कुलूप लागलं, अर्धी जागा पार्किंगला गेली. पोरांनी जाळं गुंडाळून माझ्या माळ्यावर टाकलं. अजून तिथंच आहे, उंदरांनी एक कोपरा कुरतडलाय. दर २९ ऑगस्टला, क्रीडादिनी, त्याच फाटकाआड ‘फिट इंडिया’ची शपथ मात्र होते.

चौघांनी मग जिमचे तीन महिन्यांचे पैसे भरले. त्यातला चिवट तो दोन आठवडे टिकला. का सोडलं विचारलं तर म्हणे, "काकू, तिथं कोणी वाट नाही पाहत." खरंच आहे. व्हॉलीबॉलला जो येत नसे, त्याच्या खोलीवर दोघं जाऊन चादर ओढायचे.

दोस्ती काही सुटली नाही. तोच घोळका आता पानठेल्यावर असतो, तंबाखू-सुपारीचा एक खर्रा तिघांत. दोघं जण हल्ली भाजी कमी तिखट मागतात, तोंड पोळतं म्हणे. नागपुरात! ओळखीच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खर्रा खाणाऱ्याला तिखट झोंबायला लागलं की तोंड तपासून घ्यावं, पुढे तोंड उघडणं कठीण होतं. पोळ्या आता तीनवर आल्यात.

मुलींना तर ते मैदान कधी आपलं वाटलंच नाही. माझ्याकडच्या दोघी पहाटे फुटाळा तलावावर फिरायला जात. एक परीक्षा देऊन गावी गेली, त्या दिवसापासून दुसरीचंही फिरणं बंद.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम सांगते. माझी पोरं तेवढं दोन संध्याकाळींत उरकायची. कॉलेजांनी संध्याकाळी ६ ते ९ मैदान उघडावं, ओळखपत्र पाहून कुठल्याही कॉलेजच्या मुलामुलींना आत सोडावं आणि दिवे लावावेत. मे महिन्यात पारा ४५ वर असताना उजेडात कोण खेळणार?

जाळ्याचा कोपरा मी शिवून देते.

– एक मेसवाली काकू, रविनगर, नागपूर