सदाला पत्र

सांगली, रविवार रात्र

प्रिय सदा,

परवा फोनवर "हिला माहेरी पाठवून द्यावं म्हणतो" म्हणालास आणि फोन ठेवलास. तेव्हापासून जिवाला चैन नाही. समोरासमोर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितोय.

हळदीच्या थप्पीवरून आपण दोघं पडलो तेव्हा माझा मणका डी-नाईनला, म्हणजे पाठीच्या नवव्या मणक्याला गेला, तुझा डी-फोरला, चौथ्याला. आंघोळ घालताना, कॅथेटर बदलताना आपोआप लिंगाला ताठरता येते, हे तू मला दवाखान्यात मान खाली घालून सांगितलं होतंस. अरे, तीच तर चांगली खूण! मनातल्या इच्छेचा निरोप डी-इलेव्हन ते एल-टूपर्यंत, म्हणजे खाली कमरेच्या भागात पोचावा लागतो, तो आपला वरच अडतो. स्पर्शाची वाट वेगळी. ती मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाशी, एस-टू ते एस-फोरमधून परस्पर फिरते, आणि तुझी ती शाबूत आहे. ताठरता टिकत नाही, त्यावर इलाज आहे.

सिल्डेनाफिलची गोळी 1998 पासून वापरात आहे. तासभर आधी, रिकाम्या पोटी घ्यायची. मटणाच्या जेवणावर घेतली तर उशिरा लागू पडते. नुसती गिळून भागत नाही, स्पर्श लागतोच. पण मेडिकलमधून परस्पर आणू नकोस, हात जोडतो. तुझी इजा डी-सिक्सच्या वरची आहे, अशा इजेत बीपी एकाएकी भडकू शकतं. एकाएकी डोकं ठणकलं, घाम फुटला, चेहरा लाल झाला, तर बीपी भडकलंय समज. लगेच थांबायचं, उठून बसायचं, लघवीची नळी मुडपलीय का बघायचं. दवाखान्यात गेलास तर गोळी घेतल्याचं सगळ्यात आधी सांग. बीपी उतरवायला नायट्रेट देतात आणि या गोळीवर ते दिलं तर जिवावर बेततं. वहिनींनाही हे ठाऊक हवं.

मी आधी तंबूतल्या वैद्याकडे पैसे घालवले. ते तू करू नकोस.

गोळी मानवली नाही तर व्हॅक्यूम पंप आहे, मी तोच वापरतो. ताठरता टिकावी म्हणून बुडाशी बसवलेली त्याची रिंग अर्ध्या तासाच्या आत काढावीच लागते. आपल्याला दुखलेलं कळत नाही ना, म्हणून सुनंदा मोबाईलवर 25 मिनिटांचा गजर लावते. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा दोघंही दचकलो. मग ती माझ्या छातीवर डोकं ठेवून कितीतरी वेळ रडत राहिली. अपघाताला वर्ष उलटून गेलं होतं, तोवर ती माझ्यापाशी रडलीच नव्हती.

इंजेक्शनही असतं, पण ते डॉक्टरांकडून शिकूनच घ्यायचं. ताठरता 4 तासांवर राहिली तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

गुरुवारी भाच्याच्या गाडीतून साताऱ्याला येतोय. यूरोलॉजिस्टकडे दोघं मिळून जाऊ, तुला जमलं नाही तर मी बोलेन. तोवर वहिनींना एकदा विचार, त्यांना माहेरी जायचंय का.

तुझा,
बाळू