वाचून गप्प बसू नकोस

पुणे
रविवार, रात्र

प्रिय मंजू,

तुझं पत्र काल मिळालं. सासूबाईंचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. बाकी खबरबात शेवटी लिहीन. आधी तुझ्या त्या एका ओळीला उत्तर देते, कारण कालपासून ती डोक्यातून जात नाहीये. तू लिहितेस, "रोज रात्री झोपण्याआधी फॅनफिक्शन वाचते, कधीकधी दोन वाजतात, पण अजून एकाही लेखकाला एक अक्षर लिहिलेलं नाही. मी काय लिहिणार? मी आपली साधी वाचणारी."

मंजू, हे मला अजिबात पटलेलं नाही. मी त्या बाजूला बसून लिहिते म्हणून तुला तिकडचं सांगते.

तू वाचतेस त्या फॅनफिक्शनच्या, म्हणजे आवडत्या पुस्तकांतली नि मालिकांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी रचलेल्या कथा लिहिणारी माणसं दिवसभर नोकरी करून, घरातलं सगळं आवरून, मुलं झोपल्यावर लिहायला बसतात. पात्रं दुसऱ्याची असल्यामुळे बहुतेकांना त्या विकताच येत नाहीत. मी लिहिते त्या शेरलॉक होम्सचे हक्क आता संपले आहेत, पण आर्काइव्हवर, म्हणजे आपण वाचतो त्या संकेतस्थळावर, कथा टाकायची तर तिथे पैशांची भाषा करायची नाही हा नियम सगळ्यांना सारखाच. छापील पुस्तकाला संपादक असतो, मुद्रितं तपासणारा असतो, कुणीतरी परीक्षण लिहितं, वाचनालयातल्या प्रतीवर तारखांचे शिक्के पडत जातात. इथे यातलं काहीच नाही. कथा टाकली की लेखकाला दिसतो तो एक आकडा, कथा किती वेळा उघडली गेली त्याचा. कोण पहिल्याच परिच्छेदात कंटाळून निघून गेलं आणि कोण तुझ्यासारखं दोन वाजेपर्यंत जागं राहिलं, ते त्या आकड्यातून कळत नाही. दोघांची नोंद एकच.

लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा मध्ये मध्ये "हूं" म्हणावं लागायचं, आठवतं? "हूं" थांबलं की आजी गोष्ट थांबवायची, कारण पोर झोपलं असं ती धरून चालायची. लेखकाचंही तसंच होतं. तू अंधारात टक्क जागी असतेस, पण तिकडे "हूं" पोहोचतच नाही.

आता माझ्याच एका कथेचं सांगते. होम्स मेला असं तीन वर्षं सगळे धरून चालतात आणि कथेतल्या 1894 मध्ये तो परत येतो, ती गोष्ट तुला पाठच आहे. त्यात बेकर स्ट्रीटच्या खिडकीत त्याचा मेणाचा पुतळा बसवतात. समोरच्या रिकाम्या घरातून नेम धरणाऱ्या माणसाला तो खरा वाटावा म्हणून त्याची घरमालकीण हडसनबाई दर पाव तासाने गुडघ्यांवर रांगत जाऊन पुतळा जरासा फिरवतात, पडद्यावर स्वतःची सावली पडू न देता. मूळ कथेत याला जेमतेम चार वाक्यं दिली आहेत. मला मात्र ती बाई काही केल्या सोडवेना. ज्याच्या नावाने तीन वर्षं रडली तो माणूस अचानक दारात उभा राहतो, आणि दुसऱ्याच मिनिटाला तिला रांगायला सांगतो! त्यावर मी कथा लिहायला घेतली, एकेक प्रकरण करत. त्या घराच्या जिन्याला सतरा पायऱ्या, हे होम्सनेच वॉटसनला ऐकवलेलं आहे. माझ्या कथेत हडसनबाई नवव्या पायरीवर थांबतात, भिंतीला हात टेकवतात आणि पुन्हा चढायला लागतात. एवढं एकच वाक्य होतं, लिहून मी पुढे गेले होते.

दोन दिवसांनी एका वाचक बाईंचा अभिप्राय आला. त्या कोण, कुठल्या, मला आजही माहीत नाही. त्यांनी लिहिलं होतं की त्यांची आई जिन्यात अशीच थांबायची, पण गुडघे दुखतात हे कुणाला कळू नये म्हणून खालून कुणी हाक मारल्यासारखं करून मागे वळून बघायची. आणि शेवटी विचारलं होतं, तुमच्या हडसनबाई काय निमित्त काढतात?

मंजू, मी याचा विचारच केला नव्हता. त्या प्रश्नावर पुढचं अख्खं प्रकरण उभं राहिलं. त्यात हडसनबाई जिना चढताना हातात फडकं ठेवतात आणि नवव्या पायरीपाशी कठडा पुसतात. घरातल्या सगळ्यांना वाटतं बाईंना स्वच्छतेचं वेड आहे. तीन वर्षांनी परत आलेला होम्स तो कठडा बघतो, एका जागी घासून घासून उजळलेलं लाकूड त्याला दिसतं, आणि तो काही न बोलता पुतळ्याची खुर्ची दाराच्या जवळ सरकवतो. आजवर लिहिलेल्यातला हा माझा सगळ्यात आवडता प्रसंग आहे, आणि त्या बाईंनी विचारलं नसतं तर तो झालाच नसता. त्यांच्या त्या अभिप्रायात "छान" किंवा "अप्रतिम" असं काही नव्हतं. त्यांना काय दिसलं आणि काय जाणून घ्यावंसं वाटलं, एवढंच होतं.

हे फक्त आमच्यासारख्या हौशी लिहिणाऱ्यांचं आहे असं समजू नकोस. होम्सचा जन्मदाता, खुद्द कॉनन डॉइल 1891 मध्येच होम्सला कंटाळला होता आणि पहिल्या बारा कथांच्या शेवटी त्याला संपवायचं त्याने ठरवलं होतं. ते आईला कळवलं, तर आई बिलकूल तयार होईना. नुसता विरोध करून ती थांबली नाही, एका मुलीच्या सुंदर केसांभोवती फिरणारं कथाबीजही तिने सुचवलं. बारावी कथा त्यावरच झाली आणि होम्स आणखी दोन वर्षं जगला. 1893 च्या डिसेंबरात त्याने होम्सला अखेर धबधब्यात लोटलं, तेव्हा वाचकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि कितीतरी जणांनी होम्सच्या कथा छापणारं मासिक घेणं बंद केलं. 1903 मध्ये होम्स परत आला त्यात प्रकाशकांनी देऊ केलेल्या रकमेचा वाटा मोठा होता, ते नाकारून चालणार नाही. पण वाचक दहा वर्षं गप्प बसले असते तर कुठल्या प्रकाशकाने ती रक्कम देऊ केली असती?

त्याच 1893 सालची एक हकीकत मला त्याहून जवळची वाटते. डॉइल आणि 'पीटर पॅन'वाला जे. एम. बॅरी या दोघा मित्रांनी मिळून एक संगीतिका लिहिली होती आणि ती लंडनमध्ये साफ पडली. तेव्हा बॅरीने डॉइलला आपलं एक पुस्तक भेट दिलं आणि त्याच्या कोऱ्या पानांवर होम्सची एक छोटीशी गोष्ट स्वतःच लिहून काढली. दोन लेखक बेकर स्ट्रीटला येतात आणि होम्सला विचारतात, आमच्या संगीतिकेला लोक का येत नाहीत? मित्राच्या पात्रावर मित्राने लिहिलेली कथा, म्हणजे आज आपण जिला फॅनफिक म्हणतो तीच ही. डॉइलने ती जपून ठेवली आणि 1924 च्या आत्मचरित्रात अख्खी छापली, होम्सवरच्या विडंबनांमधलं हे सगळ्यात सरस म्हणून. बॅरीला वाचक मिळाला तो एकच, पण तो बोलला.

नंतर अमेरिकेत 'स्टार ट्रेक' या अंतराळातल्या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांनी 1967 मध्ये 'स्पॉकॅनालिया' हा अंक काढला. असे अंक टाइप करून, प्रती काढून टपालाने जायचे, आणि वाचकांची पत्रं पुढच्या अंकात छापली जायची. कथा लिहिणारीला मिळे तो अंक आणि ही पत्रं. पत्रं हा अंकाचाच एक भाग असे, कथेइतका. मला ती पद्धत फार योग्य वाटते.

आज आपण जिथे वाचतो तो 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' अशाच वाचक-लेखकांनी उभा केला. त्यामागची संस्था 2007 ची, आर्काइव्ह खुलं झालं 2009 मध्ये, आणि 2019 मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. एक कोटीहून जास्त कथा आहेत तिथे, आणि सगळं देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं. जाहिराती नाहीत, "तुम्हाला हेही आवडेल" म्हणत कथा पुढे ढकलणारं यंत्र नाही. म्हणून तर मला ती जागा इतकी प्रिय आहे. पण त्यामुळेच तिथे कथेला पुढे नेणारी माणसंच असतात. तू म्हणतेस की तू कुडोजचं, म्हणजे कथा आवडली असं कळवणारं, बटण दाबतेस. दाबत जा, जरूर दाबत जा, सकाळी उठून ते मेल बघितलं की दिवस बरा जातो. फक्त एक लक्षात घे, एका कथेला ते बटण एकदाच चालतं. तीस प्रकरणांची कथा असेल आणि तू पहिल्याच प्रकरणाला दाबलंस, तर पुढची एकोणतीस प्रकरणं तू वाचलीस की सोडून दिलीस, लेखकाला कळायला मार्ग नाही. मधल्या प्रकरणांतच कथा सोडून द्यावीशी वाटते, मंजू. सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो.

काही लेखक म्हणतात की अभिप्राय हाच आमचा मोबदला. मला ते म्हणणं रुचत नाही. मोबदला म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोक्यावर कर्ज चढतं, आणि तुझ्यासारखी संकोची वाचक मग वाचायचंच सोडून देते. काही जण तर इतके अभिप्राय आल्याशिवाय पुढचं प्रकरण टाकणार नाही म्हणून अडून बसतात. तेही चुकीचंच. मला अभिप्राय हवा असतो तो यासाठी, की मी काय लिहिलं आहे ते मला एकटीला पुरतं दिसत नाही. मी फक्त गुडघे लिहिले होते, ते लपवण्यातला मान त्या बाईंना दिसला.

तुला भीती आहे की चुका काढल्यासारखं होईल. तर आमच्याकडे साधारण रीत अशी आहे की कथा टाकण्याआधी एखादा बेटा रीडर, म्हणजे कच्चा खर्डा तपासणारा वाचक, ती वाचतो आणि हवं तेवढं लाल करतो. माझी बेटा रीडर तर निर्दय आहे आणि तिच्यावाचून माझं पान हलत नाही. कथा टाकून झाल्यावर लेखकाने स्वतःहून विचारलं नसेल तर व्याकरण सुधारून द्यायला जाऊ नये, एवढं सांभाळलंस की झालं. आणि "पुढचं प्रकरण कधी?" एवढंच लिहू नये. तुझ्या मनात उत्सुकता असते, पण रात्री अकराला थकून मेल उघडणाऱ्या माणसाला ती उसनवारीची आठवण वाटते.

मग लिहायचं काय? वाचताना जिथे थांबलीस, मागे जाऊन पुन्हा वाचलंस, ते वाक्य उतरवून घे आणि खाली लिही की इथे मी थांबले. का थांबलीस ते सांगता आलं तर सांग. तू मला मागच्या पत्रात त्या दीपगृहाच्या कथेबद्दल काय लिहिलं होतंस? "त्यातला मुलगा बापाचा चहा निववून देतो तिथे मला माझे अण्णा आठवले." मंजू, हेच त्या लेखिकेला लिहायचं! ते मला लिहून काय उपयोग, ती कथा मी थोडीच लिहिली आहे?

इंग्रजी कच्चं आहे हे कारण तर सांगूच नकोस. मला पोर्तुगीजमध्ये अभिप्राय आला आहे, रशियनमध्ये आला आहे. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं आणि पुन्हापुन्हा वाचला. तू मराठीत लिही आणि खाली मोडक्या इंग्रजीत दोन ओळी जोड. आपली कथा नाशिकच्या एका घरात मराठीत वाचली गेली, याचं त्या लेखिकेला किती वाटेल!

कथा फार जुनी आहे म्हणूनही मागे राहू नकोस. जुन्या कथेवर आलेला अभिप्राय मला तर जास्तच हलवून जातो. मात्र कधीकधी खरंच उशीर होतो. लेखकाला आर्काइव्हवर कथा ठेवून तिच्यावरचं आपलं नाव काढून टाकता येतं. कथा तिथेच राहते, वाचताही येते, पण खाली लिहिलेलं लेखकाला पोहोचत नाही. माझ्या आवडीच्या एका लेखिकेच्या कथा अशाच निनावी झाल्या आहेत. मी त्या अजून वाचते आणि तिला कळवायची सोय उरलेली नाही.

सुनीताबाई देशपांड्यांनी कथाकार जी. ए. कुलकर्णींना, आपल्या जीएंना, लिहिलेली पत्रं आपण दोघींनी एकाच उन्हाळ्यात वाचली होती. धारवाडात स्वतःला मिटून घेऊन राहणारा, लोकांना भेटणं टाळणारा तो माणूस, पण वाचणाऱ्यांच्या पत्रांना केवढी भरभरून उत्तरं लिहायचा! तेव्हा तू म्हणाली होतीस की असं पत्र लिहायला सुनीताबाईच असावं लागतं. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. त्यांनी आधी नीट वाचलं होतं आणि मग लिहिलं होतं. नीट वाचणं तुला येतं, मला माहीत आहे, मी तुझ्या बाकावर बसून वाढले आहे.

तर त्या दीपगृहवालीपासून सुरुवात कर. तिने नवं प्रकरण टाकून बरेच दिवस झालेत, मी बघितलं. काय लिहिलंस ते मला दाखवायची गरज नाही, लिहिलंस एवढं कळव.

आता घरचं. सासूबाईंना टाके काढायला कधी बोलावलं आहे? तोवर तू एकटी किती धावपळ करणार! पुढच्या शनिवारी मी येऊ शकते, येताना त्यांच्यासाठी मऊ मेतकूट-भाताची सोय म्हणून मेतकूट आणि आईने केलेलं आवळ्याचं लोणचं घेऊन येईन. भाऊजींना माझा नमस्कार सांग आणि पिल्लूला पापा.

तुझी,
वृंदा